मुलाखतीची तालीम

आमच्या घरात कुणालाही स्वतःचं वाक्य पुरं करता येत नसे. बाबा ते आधीच करून टाकत. जेवताना मायनं "आज भाजीत..." एवढं म्हटलं की बाबा ओठ फारसे न हलवता, खालमानेनं, "मीठ कमी पडलं," असं पुरवत. शेजारचा कुणी दारात येऊन "सीतारामभाऊ, जरा तुमची..." म्हणाला की "शिडी पाहिजे," हे बाबाच म्हणत आणि शिडी आणायला उठतसुद्धा. पुढेपुढे माय त्यांना मुद्दाम चुकवायची. "आज भाजीत पाल पडली," असं एकदम म्हणून टाकायची आणि बाबा घास हातात धरून ताटाकडे पाहत राहायचे. यात त्यांचा दोष नव्हता, तो धंद्याचा परिणाम होता. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागली की आमच्याकडे होळीपर्यंत गावोगाव नाटकं चालतात, आणि बाबा आमच्या गावच्या मंडळाचे प्रॉम्टर होते. बाकीचा वेळ धान, नाटकाच्या दिवसांत नाटक. रंगमंचापुढे कंबरभर खड्डा खणलेला असे. त्यात गुडघ्यावर वही घेऊन बसायचं आणि नटाला वाक्य लागण्याच्या अर्धा श्वास आधी ते त्याच्या कानात पोचवायचं. आपली कुजबूज थेट नटाला जाते आणि पुढच्या सतरंजीवरच्या माणसाला ऐकू येत नाही, असं ते अभिमानानं सांगत. सतरंजीवरच्या माणसांचं मत वेगळं होतं.

बाबांचा एक नियम होता. प्रॉम्टरनं दिलेलं वाक्य नटानं तपासून पाहायचं नाही. "मी देतो, तुमी घ्या. मधात अक्कल आणू नका," असं ते नव्या नटाला पहिल्याच दिवशी सांगत. एकदा वहीची दोन पानं त्यांच्याकडून एकदम उलटली गेली, तर राजानं दुसऱ्या अंकातच प्राण सोडला आणि तिसऱ्या अंकात तोच मुलीच्या लग्नाला आशीर्वाद द्यायला उभा राहिला. प्रेक्षकांतून कुणी हूं की चूं केलं नाही. राजाचं काम करणाऱ्या माणसानंही नंतर तक्रार केली नाही. वाक्य आलं, त्यानं घेतलं. अशा घरात वाढल्यावर पोराला स्वतःच्या तोंडाचा उपयोग जेवणापुरताच राहिला तर नवल नाही. मी बोलत नसे. मुका नव्हतो, पण मी तोंड उघडेपर्यंत माझं म्हणणं कुणीतरी म्हणून झालेलं असे, त्यामुळे ती सवयच लागली नाही.

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि हे सांगताना मला अजूनही छाती फुगवावीशी वाटते, मी फुगवतो. जिल्ह्याच्या गावी तंत्रनिकेतन होतं, तिथं मेकॅनिकलच्या डिप्लोमाला माझा नंबर लागला. आमच्या गावाहून वरठीच्या रस्त्यानं सायकल हाणत जायचं. सकाळी त्या रस्त्याला पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या सायकलींची रांग असे, प्रत्येकाच्या हँडलला डबा, आणि त्या रांगेत मीही असल्यामुळे आपणही कारखान्यातच चाललो आहोत असं मला उगाच वाटे. डब्यात मायनं दिलेला भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. पोरं वडे मागत, मी देत असे, कारण नाही म्हणायला बोलावं लागलं असतं.

तिथं आमचे वर्कशॉपचे हटवार सर होते. बुटके, खाकी कोट, आणि कोटाच्या खिशात कायम एक गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. पहिल्या वर्षी त्यांनी प्रत्येकाला लोखंडाचा एक खडबडीत ठोकळा दिला, टेबलाला बसवलेली लोखंडी पकड दाखवली आणि म्हणाले, "शेगड्यात धरा, कानस घ्या, सपाट करा." बस, एवढंच. आम्ही तीन आठवडे घासत होतो. चाळीस पोरं, चाळीस कानशी. आवाज असा की पावसाळ्यात शेततळ्याच्या बोडीवरच्या बेडकांनी लाजून गप्प बसावं. ठोकळा झाला असं वाटलं की सरांकडे न्यायचा. ते गुण्या लावून तो उजेडाकडे धरत, मधल्या फटीतून दिसणारा उजेड आपल्याला दाखवत आणि ठोकळा परत देत. शिव्या नाहीत, उपदेश नाही. सगळ्या वर्गात सगळ्यात आधी ज्याच्या ठोकळ्यातून उजेड दिसेनासा झाला तो मी. हे मी फुशारकी म्हणूनच सांगतो आहे. माझे हात चांगले होते. सरांनी एकदा माझा ठोकळा परत न देता आपल्या टेबलावर ठेवून घेतला, आणि त्या माणसाकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ होतं.

गोची तोंडी परीक्षेची होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दुसऱ्या वर्षी मला लेथसमोर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या यंत्रासमोर, उभं केलं. त्या लेथवर मी वर्षभर काम केलेलं. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" मी लेथकडे पाहिलं, लेथनं माझ्याकडे पाहिलं. शेवटी हटवार सर मध्ये पडले. "साहेब, तो चालवतो छान. पण बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत ना, तसा हा लेथचं नाव घेत नाही." परीक्षक हसले आणि मला काठावर पास केलं. वर्षभर पोरं मला "वहिनी" म्हणत होती.

तिसऱ्या वर्षी, मंडई सुरू व्हायच्या सुमारास, हटवार सर वर्गात कागद घेऊन आले. नागपूरकडच्या एका मोठ्या कारखान्याचे साहेब आमच्या तंत्रनिकेतनात पहिल्यांदाच येणार होते आणि मुलाखत घेऊन तीन पोरं कामावर नेणार होते. तीन! वर्गात आधी आनंद झाला, मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातानं पहिला नंबर आणि तोंडानं शून्य. घरी माझं भवितव्य मामानं आधीच ठरवून ठेवलं होतं. तुमसरच्या राइस मिलमध्ये त्याची ओळख होती, परीक्षा झाली की मी तिथं पोत्यांवर शिक्के मारायला बसायचं होतं. काम वाईट नव्हे. पण तीन वर्षं कानस चालवलेल्या हातानं आयुष्यभर शाईचा ठोकळा उचलायचा, या विचारानं माझ्या घशाखाली वडा उतरत नसे.

सरांनाही माझी काळजी. मात्र त्यांनी स्वतः आयुष्यात एकच मुलाखत दिली होती, आणि त्यात त्यांना फक्त बल्ब बदलायला सांगितलं होतं. त्यांनी कुठूनकुठून विचारून एक प्रश्नांची यादी केली, उत्तरं काढली, आणि एका रविवारी ती यादी, मी आणि माझा मित्र निंबार्ते यांना घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसले. निंबार्ते म्हणजे वर्गातला सगळ्यात बडबड्या. त्याचे हात थरथरत, पण तोंड असं की बंद करायला पाना लागावा. सर बाबांना म्हणाले, "कापगतेजी, तुमचं पोरगं हुशार आहे, पण..."

"तोंड उघडत नाही," बाबा म्हणाले.

"आणि मुलाखतीत..."

"तोंडच पाहते. समजलं सर. आणा ते कागद इकडं." बाबांनी यादी चष्म्याजवळ धरून वरपासून खालपर्यंत वाचली, परत वाचली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की ते मी फक्त दिवाळीनंतर पाहत असे. "अजी सर, हे तं नाटक आहे! दोघांचे संवाद आहेत. एक विचारते, एक सांगते. याले तालीम पाहिजे, बाकी काही नाही."

"मीच विचारून राहिली होती, चहा घेता का म्हणून," माय आतून म्हणाली. त्या दिवशी तिचं वाक्य बाबांनी पुरं केलं नाही, इतके ते यादीत बुडाले होते.

पुढचे पाच-सहा रविवार आमच्या ओसरीवर मुलाखतीची तालीम झाली. बाबांनी नवी वही घालून त्यात सगळे प्रश्न आणि उत्तरं सुवाच्य अक्षरात उतरवली, आणि कंसात सूचना. 'येथे थांबणे.' 'येथे किंचित हसणे.' 'साहेब हसल्यास आपण हसू नये, नम्र राहावे.' साहेबाच्या भूमिकेसाठी तुकाराम काकांना बोलावलं. तुकाराम काका आमच्या मंडळाचे कायमचे खलनायक. एरवी साधा, भित्रा माणूस, बायकोनं हाक मारली की चप्पल विसरून पळणारा, पण भूमिकेत शिरला की ओसरीची कौलं थरथरत. "नाव काय तुझं, पोरा?" असं म्हणून ते मिशीवरून हात फिरवत आणि पोटातून हसत, "हाऽ हाऽ हाऽ!" हटवार सर भीत भीत म्हणाले, "साहेब असे हसत नसतील बहुतेक." बाबा म्हणाले, "सर, एवढ्याले जो भ्यायला नाही तो कोणालेच भिणार नाही."

बघायला गाव जमू लागलं. अंगणात पोतं टाकून बायका बसत. मायला फुकटचा व्याप. दर रविवारी मुरमुऱ्याचा चिवडा, त्यात कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि वर तिचं पुटपुटणं, "पोराले नोकरी लागो न लागो, गावाले फराळ लागला." निंबार्ते या सगळ्यात फुलून आला. फोर स्ट्रोक इंजिनाचे चार स्ट्रोक कोणते, हा तिसरा प्रश्न. त्यावर तो एक पाय पुढं टाकून, हात आभाळाकडं नेऊन म्हणे, "चार! सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर आणि... एक्झॉस्ट!" एक्झॉस्टला तो असा उसासा टाकी की बायकांचे डोळे भरून येत. अंगणातून "वन्स मोअर" येई आणि बाबा त्याला परत म्हणायला लावत. मी मात्र ठोकळाच. वाक्य येई, मी ते घेई, पण माझ्या तोंडातून निघेपर्यंत त्याचा आवाज जाई. बाबांनी मला घसा साफ करायला ओव्याचं पाणी दिलं, तोंडात लवंग दिली, तळ्याच्या पाळीवर उभं करून पलीकडच्या काठाला उत्तरं सांगायला लावली. पलीकडच्या काठावर म्हशी होत्या. त्यांना माइल्ड स्टील आणि कास्ट आयर्न यांतला फरक आजही माहीत असेल.

आता मी कामावरून मोकळा झालो आहे आणि दर शनिवारी इथल्याच डिप्लोमाच्या पोरापोरींना मुलाखतीसाठी तयार करतो. ती मोबाइलवरून उत्तरं पाठ करून येतात. "तुझ्यातला दोष सांग," असं विचारलं की वीसच्या वीस जण सांगतात की मी फारच मेहनत करतो, सर. मी त्यांना हसत नाही. मोबाइल आणि बाबांची वही यांत मला तरी फरक दिसत नाही, उलट वहीत अक्षर चांगलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी बाबा सोबत निघाले. "मी कायले काही बोलतो? निंबाच्या झाडाखाली बसून राहतो," असं म्हणाले, धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा आणि काखेत पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली आहे असं मी समजलो. मुलाखती ड्रॉइंगच्या हॉलमध्ये होत्या. साहेब दोन. मोठे साहेब म्हणजे वाळकीशी काडी, पांढरे केस, त्या दिवशी सर्दी झालेली, आणि आवाज इतका हलका की समोरच्यानं पुढं वाकून ऐकावं. त्यांच्या शेजारी गॉगलवाले धाकटे साहेब. आम्ही दाराबाहेर बाकावर. तुकाराम काकांच्या तालमीत तयार झालेला निंबार्ते माझ्या आधी आत गेला, आणि दार अर्धं उघडं राहिलं.

"नाव?" साहेबांनी विचारलं असावं. निंबार्तेनं ते असं सांगितलं की वर्कशॉपमधून दोन पोरं बाहेर येऊन पाहू लागली. गावाचं नावही तसंच. साहेबांनी कानात बोट घालून हलवलं आणि हळूच विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

मग निंबार्ते एक पाय पुढं टाकून म्हणाला, "चार! सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर आणि... एक्झॉस्ट!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. साहेबांनाही तसंच वाटलं असावं. ते म्हणाले, "बरं, आणि तुम्ही घरून येता की हॉस्टेलला राहता?"

"ते कडक असते पण ठिसूळ असते, साहेब. पडले तर फुटते!"

"लहान भाऊ वगैरे? केवढा आहे?"

"मिलिमीटरचा शंभरावा भाग, साहेब!"

निंबार्ते बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी विचारायच्या आत तोच माझ्या कानाशी लागला. "अबे, तुझा बाप खिडकीखाली आहे. मागच्या खिडकीखाली, नालीपाशी. वही घेऊन. त्या साहेबाचं त्याले काही ऐकू येऊन नाही राहिलं, म्हणून थो आपला नंबरानं देऊन राहिला."

"मंग तू काहून घेतलं?" हे मी विचारलं. एवढं मोठं वाक्य मी त्याला तीन वर्षांत म्हटलं नव्हतं.

"वाक्य आलं ना बे!" निंबार्ते रडवेला होऊन म्हणाला. "मधात अक्कल आणायची नाही म्हणलं होतं ना!"

इतक्यात शिपायानं माझं नाव पुकारलं. धावत मागं जाऊन बाबांना उठवावं एवढाही वेळ नव्हता. मी आत गेलो. खुर्चीत बसलो. समोर दोन साहेब, त्यांच्या मागं उघडी खिडकी, खिडकीत आभाळाचा तुकडा, आणि त्या तुकड्याच्या खाली माझा जन्मदाता. मोठ्या साहेबांनी रुमालानं नाक पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाव?"

"मोरेश्वर सीताराम कापगते," खिडकी म्हणाली.

साहेब मागं वळले नाहीत. त्यांनी पुढ्यातल्या कागदावर शांतपणे काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "हे त्यांचं झालं. तुमचं नाव काय?"

मला वाटलं संपलं. पोत्यांवरचे शिक्के मला दिसायला लागले, निळी शाई, एकावर एक पोतं, आढ्यापर्यंत. धाकट्या साहेबांनी गॉगल कपाळावर चढवून खिडकीकडं पाहिलं आणि ते हसू दाबायला लागले. मोठे साहेब त्याच हलक्या आवाजात, पण जरा वळून म्हणाले, "खिडकीतले गृहस्थ, आत या. तिथं डास असतील."

आधी टोपी वर आली, मग चष्मा, मग वही. बाबा दारानं आत आले आणि साहेबांनी दाखवलेल्या खुर्चीच्या टोकावर बसले. चाळीस वर्षं खड्ड्यात काढलेला माणूस, समोर माणसं बसली आहेत आणि ती आपल्याकडेच पाहत आहेत, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. ते वही कधी गुडघ्यावर ठेवत, कधी छातीशी धरत. त्यांनी निंबाखाली बसायचा शब्द मोडला म्हणून मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि मला त्यांची इतकी कीव आली की माझी स्वतःची भीती थोडी बाजूला सरकली.

साहेबांनी वही मागून घेतली. पानं चाळली. "'साहेब हसल्यास आपण हसू नये, नम्र राहावे,'" त्यांनी वाचलं आणि वही धाकट्या साहेबांपुढं धरली. "ही अक्षरं तुमची?"

बाबांनी मान हलवली. शेजारी ड्रॉइंग बोर्डांच्या आडून हटवार सरांचा एक डोळा दिसत होता आणि तो मिटलेला होता.

"फार कष्ट घेतलेत," साहेब म्हणाले, आणि थट्टेनं म्हणाले असं मला आजही वाटत नाही. त्यांनी वही मिटून आपल्या कोपराखाली ठेवली. "आता यातलं एकही मी विचारत नाही." मग पायाशी ठेवलेल्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्यापुढं ठेवली. पितळेचा बुश होता, म्हणजे फिरत्या शाफ्टला आधार द्यायला बसवतात ती जाड नळी. झिजलेला. "याला काय झालं आहे?"

मी बाबांकडे पाहिलं. सवय. बाबांचे ओठ हलले, पण त्यांच्याकडं काही नव्हतं. वही साहेबांच्या कोपराखाली, आणि तिच्यातही हे नव्हतंच. मग मी बुश हातात घेतला. तो जड होता, गार होता, आणि हातात आल्याबरोबर खोलीतली माणसं जरा लांब गेल्यासारखी वाटली. मी आतून बोट फिरवलं. एका टोकाला वरच्या बाजूला खोलगट लागलं. उलटा केला, दुसऱ्या टोकाला परत बोट घातलं. तिथं खालच्या बाजूला.

"इकडून वरचं खाल्लं आहे," मी म्हणालो, "अन् तिकडून खालचं. मधात कोरंच आहे." तोंडातून घरची, झाडीपट्टीतलीच बोली निघाली. ती बदलायला वेळ नव्हता. "शाफ्ट सरळ नाही बसला याच्यात. तिरपा बसून फिरला. म्हणून दोन्ही टोकाले आडवा घासला."

"मान वर करून बोल," बाबांच्या तोंडून आपोआप निघालं, त्यांच्या त्या कुजबुजीत, आणि त्यांनी लगेच खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला.

"खालीच पाहू द्या," साहेब म्हणाले. "जे पाहायचं ते तिथंच आहे." मग मला म्हणाले, "आमच्याकडे असं म्हणतात की तेल कमी पडलं."

"नाही."

"नाही?"

"तेल कमी पडलं असतं तं लांबीभर ओरखडे पडले असते, साहेब. काळंही पडलं असतं. हे पाहा, मधात बोट फिरवा. गुळगुळीत आहे. तेल चांगलं पोचून राहिलं होतं."

"पण आमच्या कारखान्यातले जाणते लोक तेलच म्हणतात."

"मंग ते चुकतात," मी म्हणालो.

म्हणून बसलो आणि मग ऐकलं की मी काय म्हटलं. धाकटे साहेब खोकले. त्यांनी कपाळावरचा गॉगल काढून खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. मोठे साहेब मात्र इतका वेळ सर्दीनं मलूल होते ते आता एकदम ताजे दिसायला लागले. ते शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, "दोन महिने झाले ना तुम्हाला तेल पाजून?" धाकट्या साहेबांनी खिशातला गॉगल काढून परत डोळ्यांवर चढवला. बाबांनी तोंडातला दुपट्टा आणखी थोडा आत ढकलला. त्यांच्या कुठल्याही नाटकात नोकरी मागायला आलेल्यानं असं बोललेलं नव्हतं, आणि पुढच्या प्रवेशात काय होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

चार वाजता हटवार सर कागद घेऊन बाहेर आले. निंबाखाली सगळी पोरं गोळा झालेली. तीन नावं होती, त्यांत माझं दुसरं. सर वाचताना माझ्या नावावर अडखळले, त्यांनी खिशातला गुण्या काढला, उगाच पाहिला आणि परत ठेवला. निंबार्तेचं नाव नव्हतं. त्यानं माझ्या पाठीत एक दणका घातला आणि म्हणाला, "वहिनी, पण घरी आमी चौघंच आहोत ना बे. आकडा तं बरोबर होता!" त्यानं पुढे तुमसरला इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि माझ्याआधी चारचाकी घेतली, हेही सांगून टाकतो, नाहीतर तो हे वाचून भांडायला येईल. मी त्या कारखान्यात लागलो, तिथं असतानाच संध्याकाळचे वर्ग करून डिग्री घेतली. ती चौकट करून बैठकीत लावलेली आहे, येणाऱ्याला दिसेल अशीच लावली आहे.

घरी परतताना बाबा माझ्या सायकलच्या मागं बसले होते. पूर्ण रस्ता एक शब्द नाही. उन्हं कलली होती, बांधांवर धानाच्या पेंढ्या टाकलेल्या, आणि मागून फक्त त्यांच्या पिशवीतल्या वहीचं खसखसणं. साहेबांनी ती जाताना परत दिली होती. मला वाटलं ते रागावले आहेत.

माय दारातच उभी होती. तिच्यामागं तुकाराम काका, रविवारच्या अंगणातल्या चार-पाच बाया, सगळे तयारीत. मायनं माझ्याकडं पाहिलंच नाही, घरातल्या बातम्या कोण सांगतं हे तिला माहीत होतं. तिनं बाबांनाच विचारलं, "काय झालं?"

बाबांनी तोंड उघडलं. मग मिटलं. आणि माझ्याकडे पाहून ते थांबले.

ते असे थांबलेले आमच्यापैकी कुणीच कधी पाहिले नव्हते. मीही पाहत राहिलो. मायच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. लग्न झाल्यापासून या माणसाकडं पुढचं वाक्य नाही असं तिनं अनुभवलं नव्हतं, त्यामुळे तिनं त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. ती उंबऱ्यावर मटकन बसली आणि पदर डोळ्यांना लावला. ते पाहून बायांनी सूर काढला. "जाऊ दे वं, मिलीतलं काम काही वाईट नसते," एकजण तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. तुकाराम काका तर सगळ्यांत आधी रडायला लागले, त्यांना वाटलं की आपण साहेब नीट केला नाही. आणि बाबा तसेच उभे, पिशवी छातीशी धरून, ओठ घट्ट आवळून, डोळे माझ्यावर. मानेची शीर ताणलेली. शेवटी मला उमगलं आणि त्या गोंगाटात मी ओरडलो, चांगला तळ्याच्या पलीकडच्या काठाला जाईल असा.

"माय, लागलो! मी लागलो!"

सूर जागच्या जागी थांबला. मायनं पदर बाजूला केला. आधी माझ्याकडं पाहिलं, मग उठून उभी राहिली आणि बाबांच्या अंगावर धावून गेली. "मंग तोंडाले काय झालं होतं तुमच्या? जीव गेला ना माझा! कायले थांबले होते?"

बाबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्याकडं न पाहता, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "वाक्य त्याचं होतं."